भीमेचा हिवाळी पाहुणा : कुरव

शेतकरी बंधूंनो, दिवाळी सरली की दौंड-इंदापूरच्या अंगाला उजनीच्या पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उतरतात. लांबून बगळेच वाटतील. पण बगळा लांब मानेचा, काठाला उभा राहणारा. हा गडी बदकासारखा पाण्यावर तरंगतो. याचे नाव कुरव. जात समुद्रपक्ष्याची, पण मोठे गोडे पाणीही त्याला चालते. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, भिगवणपर्यंत पाणी पसरले आणि त्याची इथे चांगली सोय झाली.

त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव नीट पाहून ठेवा. कावळ्यापेक्षा थोडा मोठा, पाठ राखाडी, पोट पांढरे, चोच आणि पाय लाल. पंखांची टोके काळी, त्यांवर पांढरे ठिपके. थंडीत डोके पांढरे, डोळ्यामागे फक्त काळसर डाग. परतीच्या आधी, मार्च-एप्रिलात, तेच डोके कॉफीच्या रंगाचे होते. नर-मादी सारखेच दिसतात.

खाण्याचे नखरे नाहीत. मासे, किडे, अळ्या, मासळीची घाण, उष्टे-खरकटे, सगळे चालते. घरटे मात्र इथे शोधू नका. उन्हाळ्यात तो लडाख-तिबेटच्या उंच पठारावर जातो. तिथल्या तळ्यांकाठी, दलदलीच्या बेटांवर थव्याने जमिनीवरच घरटी करतो. अंडी बहुधा दोन-तीन.

म्हणजे बाळंतपण तिकडे, पोटापाण्याची सोय आपल्याकडे. कोरेगाव भीमाचा संबंध येतो तो इथे. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते, ते पाणी आपल्या गावावरून जाते, रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा येऊन मिळते आणि सगळे उजनीत साठते. शहरांचे सांडपाणी आपल्या हातात नाही, हे खरे. पण गावचा कचरा ओढ्यात लोटणे, फवारणीचे पंप आणि औषधाचे डबे नदीत धुणे, फाटकी नायलॉनची जाळी पाण्यात सोडणे, हे तर आपलेच काम ना? पाण्यावर तरंगेल ते उचलणाऱ्या पक्ष्याच्या पोटात हेच जाते, जाळ्यात पाय त्याचाच अडकतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. कचऱ्याची जागा नदी-ओढ्यापासून लांब ठरवावी. भिगवणला पक्षी पाहायला जाल तेव्हा शेव-फरसाण टाकू नका. शिकारीचे तर नावच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

कुरव एप्रिल-मेपर्यंत निघून जाईल. पण त्याला बाधणारे पाणी आपली जनावरे बारा महिने पितात, एवढे ध्यानात ठेवा.