घरची अंडी उबवायला यंत्र घेताना



ऊस पाहणीला गेलो की हल्ली कोंबड्यांचाही विषय निघतो. गावठी खुडूक कोंबडी दहा-बारा अंडी उबवते. पण कडकनाथ, गिरिराज सहसा खुडूक बसत नाहीत, मग पिल्लांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागते. पक्षी व अंडी परत घेण्याच्या हमीवर पैसे गुंतवून २०१९ साली इस्लामपूर भागात कित्येकांचे हात पोळले, गुन्हे दाखल झाले. पिल्ले घरची असलेली बरी. मात्र यंत्र पारखून घ्यावे.

किती अंड्यांचे घ्यावे? मोठ्या आकड्याला भुलू नये. उबवणीचे अंडे सात दिवसांपेक्षा शिळे नसावे. रोज पाच अंडी मिळत असतील तर आठवड्याला पस्तीस जमतात. तेव्हा चाळीस-पन्नास अंड्यांचे यंत्र पुरते. सगळीच फुटत नाहीत, आणि निघालेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे असतात, हा हिशेब आधीच धरावा.

उष्णता : सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. पंखा असलेल्या यंत्रात साडेसदतीस अंश सेल्सिअस लागते, आणि ते सगळ्या कोपऱ्यांत सारखे हवे. नुसत्या बल्बच्या पेटीत वर गरम, खाली गार असा प्रकार होतो. म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी पंख्याचे घ्यावे. जादा गारव्यापेक्षा जादा उष्णता अंड्याला लवकर मारते.

फिरवणे : पहिले अठरा दिवस अंडी दिवसातून निदान तीन-चार वेळा फिरवावी लागतात. आपल्याला कधी रात्रीचे पाणी धरायचे असते, कधी तोड आलेली असते. तेव्हा आपोआप फिरवणारे यंत्र सोयीचे. अठराव्या दिवशी फिरवणे बंद करता येते का, हे विचारून घ्यावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात.

ओलावा : अठरा दिवस पन्नास ते साठ टक्के, शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर. माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात भांड्यात पाणी वरचेवर घालावे लागेल. पाटण, शिराळ्याच्या पावसात तेवढे लागणार नाही. म्हणून ओलावा दाखवणारे मीटर असावेच. शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडू नये.

वीज : इन्व्हर्टरवर चालते का ते बघावे. वीज गेलीच तर झाकण न उघडता वरून घोंगडे टाकावे, हवेची भोके मात्र मोकळी ठेवावीत.

यंत्र घरी आणले की लगेच अंडी भरू नका. एक दिवस-रात्र रिकामे चालवा आणि वेगळा थर्मामीटर ठेवून आकडा ताडून पाहा. फरक निघाला तर विकणाऱ्याकडून दुरुस्त करून घ्या. एकवीस दिवसांनी कळून उपयोग नाही.

शेवटी एकच. बेणे खराब असेल तर सरी कितीही चांगली पाडा, उगवण होत नाही. तसेच इथे. दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा हवा. अंडी स्वच्छ, न तडकलेली, न धुतलेली घ्यावीत. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीसमोर धरून बघावे. लाल शिरा न दिसणारी काढून टाकावीत. पिल्लांना पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा लस द्यायला विसरू नये. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच चौकशी करून ठेवावी.

— ऊस विकास अधिकारी