ओपन सोर्स बोर्डवर धंदा: जुन्या व्हिडिओ गेमचा कन्व्हर्टर हिंगोलीत बनवता येईल का?

व्हिडिओत वेळेअभावी राहिलेला भाग इथे सविस्तर देतोय. प्रश्न असा आहे: डिझाईन इंटरनेटवर फुकट आहे, मग आपण बोर्ड बनवून विकू शकतो का? विकू शकतो. पण पैसा नक्की कुठे मिळतो, हे आधी समजून घ्या.

गिऱ्हाइकाची अडचण काय?

समुराई, मीडिया, लिटल मास्टर हे गेम आठवतात ना? आज हौशी लोक ते परत शोधतायत. हे गेम जुन्या डबा टीव्हीसाठी बनले होते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्यांचा सिग्नल १५.६२५ किलोहर्ट्झचा असतो, तर एचडीएमआयवर टीव्हीला सहसा निदान त्याच्या दुप्पट दिला जातो. नव्या टीव्हीला पिवळी पिन असली, तरी बरेच टीव्ही हा सिग्नल चुकीचा ओळखतात. मग चित्र रेघाळतं आणि बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा उडी मारतो. कन्व्हर्टर प्रत्येक ओळ दोनदा काढतो आणि २८८ ओळींच्या ५७६ करतो.

तयार डिझाईन कोणती?

१. ओएसएससी: यात एफपीजीए चिप आहे. ही पूर्ण फ्रेम साठवत नाही, त्यामुळे उशीर जवळजवळ शून्य. पण भाग महाग आणि सोल्डरिंग बारीक.

२. जीबीएस-कंट्रोल: जीबीएस-८२०० हा चिनी बोर्ड घ्यायचा, त्याला ईएसपी८२६६ मॉड्यूल जोडायचं आणि नवं फर्मवेअर टाकायचं. सुरुवातीला हेच परवडतं. आउटपुट व्हीजीए असतं, एचडीएमआयसाठी पुढे वेगळा भाग लागतो.

आपला बदल कोणता?

या दोन्ही बोर्डांना पिवळ्या पिनेचा, म्हणजे कंपोझिट सिग्नल थेट चालत नाही. त्यांना आरजीबी किंवा कंपोनंट लागतो. आणि आपल्याकडच्या जुन्या गेममधून तर बहुतेक वेळा पिवळी पिनच निघते! म्हणजे एडीव्ही७२८० सारखी डिकोडर चिप आणि तिच्यापुढचं सर्किट बोर्डवर बसवणं, हा आपल्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा बदल. बाहेर असे ऑल-इन-वन बोर्ड मिळतात, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. गेमचा सिग्नल टीव्ही केंद्रासारखा नेमका नसतो. चार-पाच वेगवेगळे जुने गेम आणि तीन-चार टीव्ही जमवून तपासा. कुठल्या गेमला कुठली सेटिंग, ते मराठी-हिंदीत लिहून डब्यात टाका.

वसमतच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. ओली हळद विकली तर एक भाव, शिजवून, वाळवून, पॉलिश करून विकली तर दुसरा. फुकट डिझाईन ही ओली हळद आहे. तपासणी, माहितीपत्रक आणि वॉरंटी हे तुमचं पॉलिश.

लायसन्स वाचाच

जीबीएस-कंट्रोलचं फर्मवेअर जीपीएल ३ लायसन्सखाली आहे. हव्या त्या किमतीला विका, पण बदललेला सोर्स कोड गिऱ्हाइकाला त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो आणि मूळ लेखकांची नावं पुसायची नाहीत. म्हणजे उद्या दुसराही तेच बनवू शकतो. बोर्डाच्या फाइल्सचं लायसन्स वेगळं असू शकतं. काही डिझाईन्सना व्यापारी वापर चालत नाही. एचडीएमआय हा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, त्याचा लोगो परवानगीशिवाय डब्यावर छापू नका.

हिशोब

समजा, एका बोर्डला सामान २,५०० रुपये. दहा बोर्डांना २५,०००. त्यातले दोन चाललेच नाहीत, तर विकायला राहिले आठ, म्हणजे एक पडला ३,१२५ ला. डबा, कुरिअर, बदलून देणं मिळून ३७५ धरा. झाले ३,५००, आणि यात तुमची मजुरी अजून नाही! "सामान अडीच हजाराचं, बत्तीसशेला विकू" म्हणणारा प्रत्येक बोर्डमागे तीनशे रुपये खिशातून घालतो.

म्हणून आधी पाचच बोर्ड करा. पीसीबी डिझाईनला किकॅड हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. चिप परदेशातून धंद्यासाठी मागवायच्या तर आयात-निर्यात कोड लागतो. माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. अडॅप्टर स्वतः बनवू नका, बीआयएस नोंदणीचा विकत घ्या. कर्ज आणि अनुदानासाठी हिंगोलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हींची चौकशी करा. पण पाच बोर्ड विकले जाण्याआधी कर्ज नको.

या आठवड्याचं काम

ज्यांच्या घरी जुना गेम आहे असे दहा जण शोधा. दोनच प्रश्न विचारा: तुमच्या टीव्हीवर तो कसा दिसतो? आणि नीट दिसण्यासाठी किती पैसे द्याल? दहापैकी तिघांनीही तुमच्या खर्चाच्या वरचा आकडा सांगितला नाही, तर सोल्डरिंगची बंदूक गरम करू नका. तुमचे पंचवीस हजार वाचले, हाही फायदाच!