दहा कोंबड्यांत दोन कोंबडे?

परसात दहा-बारा कोंबड्या असतील, तर त्यांच्यात एकच कोंबडा असावा. नुसत्या अंड्यांसाठी त्याचीही गरज नसते. तो लागतो पिलांसाठी. दुसरा ठेवला तर जास्त अंडी फळतील, ही समजूत टिकत नाही. मीलनानंतर शुक्राणू कोंबडीच्या अंडनलिकेतल्या सूक्ष्म नळ्यांत दोनेक आठवडे जिवंत राहतात, त्यामुळे एकच कोंबडा पुरतो. त्यातच नरांमध्ये उतरंड असते. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की पहाटे आधी आरवतो तो वरिष्ठ कोंबडा, बाकीचे त्याच्या मागून. पिझारी आणि बर्कहेड या संशोधकांना तर २००० मध्ये असे आढळले, की दुय्यम नराचे शुक्राणू कोंबड्या अनेकदा शरीराबाहेर टाकतात. म्हणजे दुसऱ्याचा उपयोग थोडा, आणि दोघांच्या चढाओढीची झळ कोंबड्यांना: पाठीची पिसे झडतात, जखमा होतात. मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एकुलता कोंबडा मुंगसाने किंवा रोगाने गेला तर काय, ही शंका रास्त आहे. त्यासाठी एक तरुण कोंबडा वेगळ्या खुराड्यात वाढवावा. एकाच नरामुळे नात्यातले संकर वाढतात, हेही खरे. पण एकाच रवणातले दोन भाऊ ठेवून ते टळत नाही. त्यासाठी वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या गावचा कोंबडा आणावा लागतो. मोकळे, मोठे आवार आणि वीस-पंचवीस कोंबड्या असतील, तर मात्र दोघे सहसा आपापला घोळका सांभाळून राहू शकतात.