कोऱ्या कागदावरचा अंगठा

कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नये, ही शिकवण वऱ्हाडातील शेतकऱ्याने कोणत्याही पाठशाळेत घेतलेली नाही. सावकाराच्या ओसरीवर शेते जाताना पाहून त्याच्या पूर्वजांनी ती मोल देऊन घेतली. परंतु कापसाच्या काटापट्टीवरची रक्कम शेजाऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून तिची घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घालणारा हाच सावध गृहस्थ, अकोल्याच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रत, पासबुकाचे पहिले पान आणि मोबाइलवर आलेला ओटीपी निःशंकपणे स्वाधीन करतो. कोणी हटकलेच तर ‘आमच्याजवळ लपवासारखं हाये तरी काय?’ असे हसून विचारतो.

या वृत्तीस केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या मुलखात सातबारा ही मुळातच उघडी नोंद असून महाभूमीच्या संकेतस्थळावर अमरावती विभाग निवडताच कोणाचीही जमीन कोणासही पाहता येते, तेथे माहिती झाकण्याची सवय लागावी कशी? शिवाय ई-पीक पाहणी असो, सीसीआयला कापूस विकण्यासाठी २०२५ पासून आवश्यक झालेली ‘कपास किसान’ ॲपवरील नोंदणी असो, की लाडक्या बहिणीचे ई-केवायसी असो, नकार दिल्यास लाभ बुडतो. आणि जेथे नकाराची मुभा नाही, तेथील संमती ही नाइलाजाचेच दुसरे रूप असते.

तरीही गरिबाजवळ चोरण्यासारखे काही नसते, हा समज घातक आहे. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर गावच्या बँक-मित्राकडे पैसे निघतात. अन्य राज्यांत नोंदणीकृत दस्तऐवजांवरील ठशांच्या नकला करून खाती रिकामी केल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल उघडून ॲप बसवले व मागेल ती परवानगी दिली, की ओटीपी परस्पर परक्याच्या हाती जातो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, ज्यांत नागपूरचे शरद बोबडे होते, खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने संमतीचा मजकूर मराठीत मागण्याची, दिलेली संमती मागे घेण्याची तजवीज केली असून, कसूर करणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु मुख्य तरतुदींच्या अंमलास अठरा महिन्यांची मुदत आहे.

तोवर चालेल तेथे शेवटचे चारच अंक दाखवणारे आधार द्यावे, ठशांना आधारच्या ॲपवरून कुलूप लावावे, आणि फसवणूक होताच १९३० वर तत्काळ कळवावे. सेवा केंद्राच्या संगणकावर, ‘डाउनलोड्स’च्या कप्प्यात, काम संपल्यावरही कित्येकांचे आधार तसेच पडून असतात, उठण्यापूर्वी आपली फाइल आपल्यासमोर पुसून टाकण्यास सांगावे. त्यात चालकाचा अपमान नाही, आणि आपला हक्क मात्र आहे.