ययाती : महाभारतातला आणि खांडेकरांचा



महाभारताच्या आदिपर्वात राजा ययातीची गोष्ट आहे. सासरे शुक्राचार्य यांच्या शापाने तो अकाली म्हातारा होतो. पण भोगाची हौस फिटलेली नसते, म्हणून तो मुलांकडेच तारुण्य मागतो. चौघे नकार देतात, धाकटा पुरू देतो. हजार वर्षांनी ययातीला कळतं, की भोगून इच्छा संपत नाही, उलट वाढते. मग तो पुरूचं तारुण्य परत करतो.

याच ययातीवर वि. स. खांडेकरांनी १९५९ साली कादंबरी लिहिली. खांडेकरही आपल्यासारखेच शिक्षक. १९२० ते १९३८ त्यांनी शिरोड्याच्या शाळेत शिकवलं. त्यांचा ययाती म्हणजे सुखामागे धावणारा आजचा माणूस, तर कच म्हणजे संयम. मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली या लेखनाने मिळालं.

हे लहान मुलांना कसं सांगायचं? आपल्या पूर्णगडला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. मी गोष्ट सांगून वर्गात विचारलं, "१ जून ते ३१ जुलै मासेमारी का बंद असते?" एक मुलगा म्हणाला, "बाई, तेव्हा मासे अंडी घालतात. पिल्लंच मारली तर आम्ही मोठेपणी काय पकडणार?"

पुरूची गोष्ट त्याला बरोबर कळली होती. निसर्ग ओरबाडतो तेव्हा आपण मुलांचाच वाटा घेत असतो. ययातीने पुरूला निदान विचारलं तरी होतं. आपण विचारतो का? आज घरी मुलांशी यावर जरूर बोला.