डायरेक्टचे इनडायरेक्ट होत नाही

अवतरणचिन्हे काढा, ‘दॅट’ घाला, काळ एक पायरी मागे न्या, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ करा. इंग्रजी व्याकरणातले प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथनाचे प्रकरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या या चार आज्ञांवर चालले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेसफील्डने आणि पुढे 1930 च्या दशकात रेन व मार्टिन यांनी आपल्या व्याकरणपुस्तकांतून ती घडी बसवली. नेसफील्ड आणि रेन दोघेही हिंदुस्थानातल्या शिक्षण खात्यांत नोकरी केलेले, त्यामुळे ही पुस्तके आपल्या शाळांत चटकन रुजली. त्यांतले तक्ते वाचकांना पाठ असतील, ते इथे पुन्हा मांडत नाही. माझा वाद त्या तक्त्यांच्या तळाशी असलेल्या गृहीतकाशी आहे. बोललेले एक मूळ वाक्य असते आणि अपूर्णांकाचा दशांश करावा तसे त्याचे अप्रत्यक्ष रूप काढता येते, असे हे गृहीतक. माझे म्हणणे असे की भाषेत असे रूपांतर होतच नाही. दुसऱ्याचे बोलणे सांगणारा माणूस स्वतःच्या जागेवरून, स्वतःच्या वेळेला आणि स्वतःच्या हेतूने एक नवे वाक्य रचतो.

पुरावा साध्या वाक्यांतच आहे. ‘ही डिडन्ट से दॅट ही वॉज इल’ या वाक्यामागे कोणते मूळ वाक्य आहे? कोणतेच नाही, कारण ते बोललेच गेले नाही. ‘शी विल से दॅट शी इज बिझी’ यातले बोलणे अजून व्हायचे आहे. मंत्र्याचे तासाभराचे भाषण बातमीदार एका ओळीत सांगतो, तेव्हा ती ओळ भाषणातल्या कोणत्याच वाक्यातून निघालेली नसते. उलट दिशेनेही पाहावे. ‘गुड मॉर्निंग’, ‘ऑच’, नुसती घातलेली हाक यांना अप्रत्यक्ष रूप नाही. त्यासाठी पाठ्यपुस्तकांनी ‘एक्स्क्लेम्ड विथ सॉरो दॅट’सारखे साचे तयार केले. हे साचे उत्तरपत्रिकांत दिसतात, चालत्या इंग्रजीत कुणाच्या तोंडी ऐकू येत नाहीत.

काळाचे प्रकरण याहून बोलके आहे. ‘जॉन सेड दॅट मेरी वॉज इल’ आणि ‘जॉन सेड दॅट मेरी इज इल’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. दुसऱ्या वाक्यात मेरीचे आजारपण जॉन बोलला तेव्हाच्या क्षणाशी तर जोडलेले आहेच, शिवाय सांगणाऱ्याच्या ‘आता’शीही आहे. जॉनचे शब्द दोन्ही ठिकाणी तेच असू शकतात, मग ‘वॉज’ की ‘इज’ हे ठरवले कुणी? सांगणाऱ्याने. येस्पर्सन या डॅनिश पंडिताने 1924 च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये काळ मागे सरकण्याच्या या प्रकाराला ‘बॅक-शिफ्टिंग’ म्हटले. मराठी मुलांना तो अवघड जातो, याचे कारण त्यांचा निष्काळजीपणा नाही. ‘संजय म्हणाला की मी उद्या येतो’ असे आपण सहज म्हणतो. त्यात काळ हलत नाही, ‘उद्या’ हलत नाही, आणि येणारा संजय की सांगणारा हे प्रसंगावरून कळते. मराठी संजयचा दृष्टिकोन अखंड ठेवू देते. इंग्रजीत सांगणारा आपला दृष्टिकोन वर चढवतो. हा फरक वर्गात पाच मिनिटांत सांगता येतो, पण सांगितला जात नाही.

यावर काही अभ्यासक म्हणतात की अप्रत्यक्ष कथनाचे सोडा, अवतरणचिन्हांतले प्रत्यक्ष कथन तरी मूळ शब्दांशी बांधलेले असते. इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. ब्रिटिश कॉमन्स सभेने 1738 मध्ये आपल्या चर्चा छापण्याला मनाई करणारा ठराव केला, तेव्हा ‘जंटलमन्स मॅगझिन’ने त्या चर्चा काल्पनिक लिलिपुट देशाच्या सभागृहातल्या म्हणून छापल्या. 1740 च्या दशकाच्या आरंभी त्या लिहीत होता सॅम्युएल जॉन्सन, आणि तोही गॅलरीत जवळजवळ न जाता, तुटपुंज्या टिपणांवरून. पिट या सभासदाचे एक गाजलेले भाषण आपणच लिहिले असे त्याने पुढे सांगितल्याची नोंद आहे. प्रथम पुरुषातले ते भाषण लोक पिट यांचे शब्द म्हणून वाचत होते. पुढे संसदेच्या चर्चांच्या ‘हॅन्सार्ड’ या अहवालातली भाषणे बरीचशी तृतीय पुरुषात, भूतकाळात छापली जात. 1909 पासून अधिकृत अहवाल प्रथम पुरुषात आला, पण त्यातही पुनरुक्ती गाळण्याची आणि उघड चुका दुरुस्त करण्याची मुभा आहेच. अवतरणचिन्ह शब्दांची हमी देत नाही, बोलण्याचा अभिनय करते. क्लार्क आणि गेरिग या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये अवतरणाला प्रात्यक्षिक म्हटले, ते मला अगदी पटते.

आणि आता तक्त्यांत मुळीच न बसणाऱ्या एका कथनप्रकाराकडे येतो. ‘शी स्टुड अ‍ॅट द विंडो. ही वॉज कमिंग टुमॉरो. व्हॉट वॉज शी टु डू?’ तक्त्याप्रमाणे हे अशक्य आहे. ‘वॉज’ म्हणजे काळ मागे गेला, मग ‘टुमॉरो’ जागच्या जागी कसा? प्रश्न प्रश्नच कसा राहिला, आणि ‘शी थॉट’ कुठे गेले? हे मुक्त अप्रत्यक्ष कथन. त्यात काळ आणि पुरुष कथनकाराचे, तर ‘उद्या’, प्रश्न, उद्गार, अडखळणे पात्राचे. एकाच वाक्यात दोन माणसे उभी असतात. जेन ऑस्टिनने 1815 च्या ‘एमा’मध्ये ते इतक्या सफाईने वापरले की एमाच्या गैरसमजुती वाचक बराच काळ वस्तुस्थिती समजून चालतो. कादंबरीचा सगळा खेळ या एका व्याकरणिक सोयीवर उभा आहे. येस्पर्सनने याला ‘रिप्रेझेंटेड स्पीच’ म्हटले. त्याआधी 1912 मध्ये शार्ल बाई या भाषाशास्त्रज्ञाने फ्रेंचमधल्या याच प्रकाराला नाव दिले होते. 1857 मध्ये ‘मादाम बोव्हारी’ या फ्रेंच कादंबरीवर खटला झाला तेव्हा सरकारी वकिलाने नायिकेच्या मनातला उन्माद लेखकाच्या माथी मारला. वाक्य कुणाचे, हा व्याकरणाचा प्रश्न त्या दिवशी न्यायालयात उभा होता. व्हर्जिनिया वुल्फची ‘मिसेस डॅलोवे’ या कथनाशिवाय वाचताच येत नाही. आणि तरी आपल्या शालेय व्याकरणांत त्याला एक परिच्छेदही मिळत नाही.

नियम नसतील तर मुलांनी धरायचे काय, हा आक्षेप मी हलका मानत नाही. काळाची सुसंगती हाताला बसायला सराव लागतो आणि तक्ते त्यासाठी उपयोगी आहेत. परंतु पूर्वीचे चांगले शिक्षक तक्त्यानंतर उतारा वाचत. आता कृतिपत्रिकेतल्या एका गुणापाशी सगळे थांबते आणि बोलणारा, ऐकणारा, वेळ, जागा यांपैकी काहीही न सांगता सुटे वाक्य ‘बदला’ म्हणून पुढे टाकले जाते. प्रश्न वेगळा काढता येईल. ‘यू मस्ट रेस्ट हिअर टिल टुमॉरो’ हे डॉक्टरांचे वाक्य द्यावे आणि ते तिघांच्या तोंडून लिहायला सांगावे: त्याच खोलीत त्याच संध्याकाळी रुग्णाच्या बहिणीने, दुसऱ्या दिवशी कचेरीत रजेचा अर्ज देणाऱ्या रुग्णाने, आणि वर्षभराने न्यायालयात वकिलाने. बहिणीचे ‘हिअर’ आणि ‘टुमॉरो’ जसेच्या तसे राहतील, रुग्णाचे ‘टुमॉरो’ ‘टुडे’ होईल, आणि वकिलाला ‘मस्ट’ ठेवायचे की ‘अ‍ॅडव्हाइज्ड’ म्हणायचे यावर त्याच्या अशिलाचा दावा अवलंबून राहील.