पद्मिनी घरी आणलीत? आता तिच्या सवयी शिका

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, ती संपली. वर्तमानपत्रांत फोटो आले, जुन्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. परंतु खासगी नंबरच्या पद्मिनी अजून शिल्लक आहेत. कुणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली, तर कुणाच्या गॅरेजच्या मागच्या अंगणात. त्यातली एखादी ओळखीपाळखीने एखाद्या कुटुंबाच्या दारात येते. पेढे वाटले जातात, मुले मागच्या सीटवर उड्या मारतात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होत नाही. मग घरात कुरबूर सुरू होते. 'एवढे पैसे घालून भंगार आणलेत,' असे शब्द ऐकावे लागतात. हा लेख आम्ही त्या तिसऱ्या दिवसासाठी लिहीत आहोत.

ही गाडी आपल्या महाराष्ट्राची. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्यातल्या जुन्या गोलमटोल गाडीला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. १९६४ च्या सुमारास फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, सुमारे चाळीस अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, आणि स्टिअरिंगला जोडलेला गिअरचा दांडा. एवढाच तिचा थाट. २००० सालानंतर थोड्याच दिवसांत तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज तुमच्या दारातली सर्वांत तरुण पद्मिनीसुद्धा वीस-पंचवीस वर्षांची आहे.

नव्या गाडीचे दुखणे संगणक लावला की कळते. पद्मिनीचे दुखणे मालकाला कळावे लागते. ती बंद पडण्याआधी आवाजाने, वासाने, गरमपणाने सांगत असते. जो ऐकतो त्याचा खर्च थोडक्यात भागतो. जो ऐकत नाही त्याची पुंजी हळूहळू गॅरेजमध्ये जाते.

आधी कागद, मग पैसे

गाडी अजून घेतली नसेल तर सौदा दिवसाच्या उजेडात करावा. आर.सी. बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावा. या गाड्यांची इंजिने अनेकदा बदललेली असतात. गॅस किट किंवा डिझेल इंजिनही बसवलेले आढळते. बदल केलेला असेल तर त्याची नोंद आर.सी. बुकात हवीच. पूर्वीच्या कर्जाचा बोजा उतरला आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हेही पाहावे.

विकणाऱ्याच्या सह्या फॉर्म २९ आणि ३० वर घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम हाती देऊ नये. एकाच राज्यात सौदा असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. विमाही त्याच वेळी आपल्या नावावर करून घ्यावा.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. ही फी पूर्वी किरकोळ होती, आता तशी राहिलेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरील मोटारींसाठी ती पाच हजार रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार. शिवाय आपल्या राज्यात जुन्या गाडीला पर्यावरण कर आहे. पी.यू.सी. आणि २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबरपाटी, हे खर्च वेगळेच. तेव्हा 'गाडी स्वस्तात मिळाली' असे म्हणण्यापूर्वी हा सगळा हिशेब कागदावर मांडावा.

पत्रा पाहताना साधे लोहचुंबक खिशात ठेवावे. चकचकीत रंगाखाली जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा सडून पुट्टी भरलेली आहे असे समजावे. पायाखालची मॅट उचलून फरशी पाहावी, दरवाजांच्या खालच्या कडा आणि चाकांवरच्या कमानी चाचपाव्यात. इंजिन पुन्हा बांधता येते, सडलेला पत्रा मात्र पैसा खात राहतो.

रंगाआधी ब्रेक

गाडी घरी आली की बहुतेक मंडळी आधी रंग काढतात, सीटकव्हर शिवतात, टेप बसवतात. आमचा आग्रह आहे की पहिला रुपया ब्रेकवर खर्च करावा. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. नव्या गाडीसारखा पाय टेकवला की ती थांबत नाही. जोराने दाबावे लागते आणि थांबायला अंतर लागते. पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

चारही ड्रम उघडून लायनर पाहून घ्यावेत. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचे रबर, ब्रेकचे होज पाइप वयाने कडक होतात, तडकतात. ते वरून चांगले दिसले तरी एकदा सगळे बदलावेत आणि ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी नवे घालावे. पेडल मऊ लागू लागले, दोनदा दाबावे लागले, किंवा गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढू लागली, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये. लग्नाला उशीर झाला तरी चालेल.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरची नक्षी छान शाबूत असते, पण रबर वाळून भेगाळलेले असते. असे टायर नक्षी पाहून ठेवू नयेत.

जुन्या पद्मिनींत सीटबेल्ट नाहीत. नव्या मोटारींना पुढच्या सीटचे बेल्ट सक्तीचे झाले ते १९९४ साली. बेल्ट बसवून घेता येतात आणि ते बसवावेतच. दरवाजांची कुलुपे झिजलेली असतात. वळणावर दरवाजा उघडण्याचा धोका असतो. लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी.

तिच्या खोडी आणि उपाय

सकाळी थंड इंजिन सुरू करताना चोक ओढावा आणि गाडी सुरळीत चालू लागताच तो आत ढकलावा. चोक ओढलेलाच राहिला तर पेट्रोल वाया जाते, प्लग काळे पडतात आणि दुपारी पुन्हा गाडी सुरू होत नाही. तिसऱ्या दिवशीच्या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. दुसरे कारण बॅटरीचे. जुन्या गाड्यांत डायनमो आहे. इंजिन मंद चालत असताना डायनमो बॅटरीला पुरेसा करंट देत नाही. रोज अर्धा किलोमीटर जाऊन परत येणाऱ्याची बॅटरी म्हणूनच उतरते. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवावी.

उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी धक्के देत बंद पडली आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर घाबरू नये. इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुढे पेट्रोल जात नाही. मेकॅनिक ज्याला 'एसी पंप' म्हणतात त्यावर ओले फडके ठेवावे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा हा जुना उपाय. डिकीत एक फडके आणि पाण्याची पाच लिटरची कॅन कायम असावी.

रेडिएटर उकळला तर मात्र घाई जिवावर बेतू शकते. गरम असताना झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे, जाड कापड धरून झाकण हळू सैल करावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. फॅनबेल्ट आणि रेडिएटरचे पाइप महिन्यातून एकदा हाताने दाबून पाहावेत.

स्टिअरिंगवरचा गिअर नव्या माणसाला चकवतो. दांड्याखालचे बुश झिजले की गिअर अडकू लागतो. ताकद लावून ओढू नये. बुश बदलणे स्वस्त असते, मोडलेली सांधणी महाग पडते. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावा. घाटात ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम ओले होतात आणि ब्रेक जवळजवळ लागतच नाही. हळू चालत ब्रेक चारपाचदा हलका दाबून तो वाळवावा, मगच वेग घ्यावा.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. पद्मिनी अशा पेट्रोलसाठी बनलेली नाही. जुन्या रबराच्या पेट्रोल नळ्या त्याने फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू शकते. नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नये. पेट्रोलचा वास आला की गाडी थांबवून बॉनेट उघडावे, ही शिस्त घरातल्या प्रत्येकाला शिकवावी.

मेकॅनिकचा मान

पॉइंट घासणे, टॅपेट सेट करणे, कार्ब्युरेटर जुळवणे ही हातांची कामे आहेत. ती जाणणारे कारागीर आता साठीच्या पुढे गेले आहेत. असा माणूस सापडला तर त्याच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये. ज्या कानाला आवाजावरून टॅपेट कळतो त्या कानाला घडायला तीस वर्षे लागलेली असतात. त्याच्या हाताखाली एखादा होतकरू मुलगा असेल तर त्यालाही गाडीला हात लावू द्यावा. आज तो शिकला नाही तर उद्या तुमची गाडी कोण पाहणार?

सुटे भाग अजून मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांची दुकाने आहेत. जुना भाग सोबत नेऊन ताडून घ्यावा. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट आणि एक पेट्रोल नळी एवढा संच डिकीत असला की प्रवासात अडकायची वेळ सहसा येत नाही.

घरची वही

एक साधी शाळेची वही करावी. तारीख, किलोमीटर, भरलेले पेट्रोल, केलेले काम, दिलेले पैसे, एवढेच त्यात लिहावे. तेल कधी बदलले, ग्रीसिंग कधी झाले, हे आठवणीवर सोडू नये. सहा महिन्यांनी वही वाचली की कोणते दुखणे पुन्हा पुन्हा येते ते लख्ख दिसते आणि मेकॅनिकलाही नेमके सांगता येते.

ही वही घरातल्या सर्वांची असावी. आपल्याकडे गाडी पुरुषाची आणि धुण्याचे फडके बाईचे, असा प्रकार चालतो. तो बंद करावा. भगिनींनी बॉनेट उघडायला, तेलाची काडी पाहायला, स्टेपनी बदलायला शिकावे. दहावी-बारावीतल्या मुलामुलींना रविवारी सोबत घ्यावे. पुस्तकातले ठिणगी, दाब, घर्षण हे शब्द त्यांना पद्मिनीच्या बॉनेटखाली डोळ्यांनी दिसतील, हाताने कळतील.

पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारींना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी ही पन्नाशी ओलांडली आहे. तुमची तिथवर जाईल की भंगारवाल्याकडे, हे बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच ठरते. तेव्हा या रविवारी लांबच्या सहलीचा बेत करू नका. वही घ्या, बॉनेट उघडा, आणि चार ड्रम खोलून ब्रेक पाहून घ्या. सहलीला पुढचे रविवार आहेतच.